'ती काही करतच नाही' असं वाटतं तेव्हा नेमकं काय बघायचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते, की तू इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहेस, आईने मागे लागून 'उंबरठा' बघायला लावला आणि तुला तो ठीकठाक वाटला. तुझं म्हणणं, स्मिता पाटील ग्रेट ग्रेट म्हणतात पण ती अख्ख्या पिक्चरमध्ये काही करतच नाही, एकच चेहरा, त्यापेक्षा संध्याकाळच्या सिरीयलमधली हिरोईन जास्त मेहनत करते, निदान रडते तरी. तर ग्रेट अॅक्टिंग ओळखायची कशी, बघायलाच हव्यात अशा दहा अभिनेत्रींची लिस्ट द्या, आणि जाता जाता, रडताना ते अश्रू खरे असतात का.

मी एडिटर आहे. बावीस वर्षं झाली, आधी सिरीयल, मग मराठी पिक्चर, मधेमधे डॉक्युमेंटरी. अभिनय शिकवत नाही आणि स्वतः कधी केलेला नाही, पण आमच्या धंद्यात एक गोष्ट होते जी इतर कुणाच्या वाट्याला येत नाही, ती म्हणजे एकाच बाईने एकच वाक्य सात वेळा म्हटलेलं आम्ही सातही वेळा बघतो, पुढे मागे करून, आवाज बंद करून, फ्रेम फ्रेम थांबवून. तू फक्त ओके टेक बघतोस. मी कचराही बघते. त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलावरून आलेलं आहे, समीक्षक कदाचित वेगळं सांगतील.

आणि तुझा खरा प्रश्न लिस्टचा नाहीये असं मला वाटतं. तुला लिस्ट दिली तरी तू त्या दहाही पिक्चरमध्ये 'ही कधी रडणार' याची वाट बघशील. तुझा प्रश्न असा आहे की समोरची बाई गप्प बसलेली असताना मी नक्की कुठे बघू. हा प्रश्न चांगला आहे, मला पहिली तीन-चार वर्षं तोच पडलेला.

सिरीयलपासूनच सुरू करते, कारण ते पाप मी स्वतः केलंय. सासूने काहीतरी भयंकर वाक्य टाकलं की आम्ही सुनेचा क्लोजप लावतो, मग तोच क्लोजप झूम करून परत, मग मिरर करून परत, वर तीनदा धडाम धडाम म्युझिक. एकदा एपिसोड रात्री अकराला जायचा होता आणि हिरोईनची रिअॅक्शनच शूट केलेली नव्हती. रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, धुंडाळताना शॉट सुरू व्हायच्या आधीचा एक तुकडा सापडला, ती वर लाइटकडे बघत होती, बहुतेक लाइटवाला काहीतरी हलवत होता म्हणून. तो तुकडा मी 'नवऱ्याचा अपघात झाला' या वाक्यानंतर लावला. खाली सारंगी. दुसऱ्या दिवशी चॅनलवाल्यांचा फोन आला की काय डोळे आहेत हो त्या मुलीचे, काळजात कळ आली. लाइट बघत होती ती!

ही ट्रिक माझी नाही, शंभर वर्षं जुनी आहे. रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने मोझुखिन नावाच्या नटाचा एकच कोरा क्लोजप घेतला आणि एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी जोडला, तर लोकांना तो भुकेला, दुःखी आणि आसक्त असा तीन वेगवेगळा वाटला. म्हणजे सिनेमात चेहऱ्यावर जे दिसतं त्यातलं बरंच आम्ही शेजारी काय चिकटवलं त्यावर ठरतं. हे एकदा कळलं की मग पंचाईत होते, कारण मग नटीचं काय उरलं? सगळं एडिटरनेच केलं का?

नाही. फरक असा की कोरा चेहरा दोन-तीन सेकंद टिकतो. फार तर चार. त्याच्या पुढे प्रेक्षकाला कळतं की आत कुणी नाहीये, आणि आम्हाला कट मारावाच लागतो. उलट काही बायका अशा असतात की त्यांच्यावरून कट मारायला हात धजत नाही. माझी कसोटी म्हणशील तर एवढीच आहे, आणि ती तू घरी बसून पण लावू शकतोस, की ती गप्प असताना, समोरचा बोलत असताना, कॅमेरा तिच्यावर किती वेळ थांबतो आणि त्या वेळात तुला कंटाळा येतो की तू पुढे सरकून बसतोस.

एक किस्सा सांगते, नावं घेत नाही. एका लहान बजेटच्या पिक्चरमध्ये रंगभूमीवरच्या एक वयस्कर बाई आईच्या रोलमध्ये होत्या. सीन असा की आई ओट्यावर मेथी निवडतेय आणि मुलगा येऊन सांगतो की गावची जमीन विकली. मुलाला दीड पान डायलॉग, आईला एकही वाक्य नाही. दिग्दर्शकाचा प्लॅन मुलाच्या क्लोजपवर खेळायचा. मी तसा कट लावला, बरा झाला, पण काहीतरी मेलं होतं त्यात. मग आईच्या बाजूचे टेक बघत बसले. चार टेक होते. चारही टेकमध्ये त्या बाई मेथी निवडतायत, पानं परातीत, काड्या पेपरवर. आणि तिसऱ्या टेकमध्ये मुलगा किंमत सांगतो त्या वाक्यावर त्यांचा हात थांबत नाही, चेहरा बदलत नाही, फक्त तिथून पुढे त्या पानं काड्यांच्या ढिगात टाकतात आणि काड्या परातीत. तीन-चार वेळा. मग लक्षात येतं, मग हळूच एकेक काडी परत वेचून काढतात. बस. आम्ही एक मिनिट चाळीस सेकंद तो शॉट तसाच ठेवला, मुलगा फक्त आवाजात. नंतर डबिंगला त्या भेटल्या तेव्हा विचारलं, मावशी ते तुम्ही ठरवून केलंत का, तर म्हणाल्या, 'अगं लक्षच नव्हतं माझं, जमीन विकली ना.' आता हे खरं की त्यांनी मला उडवून लावलं, मला आजही माहीत नाही.

तर हातांकडे बघ. चेहरा खोटं बोलू शकतो, चेहऱ्याला सवय असते, हाताला काम दिलं की ते एकतर खरं होतं नाहीतर लगेच उघडं पडतं. भाकरी थापता न येणारी बाई पडद्यावर तीन सेकंदांत कळते, आणि ज्यांना कळत नाही त्यांच्या आईला कळते. शांताल आकेरमन यांचा १९७५ चा 'जान दिएलमान' म्हणून तीन तास एकवीस मिनिटांचा पिक्चर आहे, त्यात देल्फीन सेरिग ही नटी बटाटे सोलते, कॉफी करते, गाद्या आवरते, कॅमेरा समोर ठोकलेला, हलत नाही. घरी पैसे घेऊन पुरुष येतात तेही त्याच शिस्तीत. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात आणि ती भांडं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे टाकावं सुचत नाही, आणि तुला तिथे भीती वाटते. बटाट्यांची! रडणं नाही, म्युझिक नाही. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांची मतं घेतली त्यात हा पहिला आला. तू लगेच बघू नकोस, झोपशील. पण असा पिक्चर आहे हे माहीत असू दे.

आता उंबरठा. १९८२ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा तेंडुलकरांची, मूळ शांता निसळ यांची 'बेघर' कादंबरी. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून, लहान मुलीला घरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. तू म्हणतोस ती काही करत नाही. बरोबर आहे, कारण त्या रोलचं कामच ऐकणं आहे! घरी ती सासूचं, नवऱ्याचं ऐकते. तिकडे कमिटीतल्या लोकांचं ऐकते, त्या आश्रमातल्या बायकांचं ऐकते. प्रत्येकाचं ऐकण्याची तिची तऱ्हा वेगळी आहे. परत बघशील तेव्हा एकच कर, समोरच्या माणसाचं वाक्य सुरू झालं की त्याच्याकडे बघूच नकोस, तिच्याकडे बघ, आणि वाक्याच्या कुठल्या शब्दावर तिला उत्तर सुचलंय आणि कुठल्या शब्दावर तिने ते गिळलंय ते शोध. दोन वेगळे शब्द असतात ते. बहुतेक नट्या वाक्य संपायची वाट बघतात, आपली पाळी येईपर्यंत डोळे उघडे ठेवून उभ्या असतात, आम्ही त्याला टेबलावर 'बसस्टॉपवर उभी आहे' म्हणतो.

आणि नवरा तिला शेवटाकडे सांगतो की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे, तो सीन. गिरीश कर्नाड ते किती साधेपणाने सांगतात, जणू गॅरेजमधून गाडी आणायची राहिली. त्या जागी दुसऱ्या कुणी थयथयाट केला असता आणि आपण म्हटलं असतं वा काय रडली. सुलभा थयथयाट करत नाही, कारण त्या घरात ओरडून काही होत नाही हे तिला आपल्या आधी कळून चुकलेलं असतं. तुला जो 'एकच चेहरा' वाटला तो दमलेल्या माणसाचा चेहरा आहे, आणि दमणं हे तासाभरात थोडं थोडं साचवत न्यायचं असतं, तेसुद्धा शूटिंग उलटसुलट क्रमाने होत असताना. शेवटचा सीन कधीकधी पहिल्या आठवड्यातच उरकलेला असतो. रशेस बघताना मला सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटत असेल तर याचा. मंगळवारी दुपारी शूट झालेला म्हातारपणाचा शॉट आणि गुरुवारचा तरुणपणाचा, दोन्ही जोडल्यावर मधली वीस वर्षं दिसली पाहिजेत.

म्हणून स्मिताच बघायची तर उंबरठ्याच्या आधी 'भूमिका' बघ, १९७७, श्याम बेनेगल. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून. (त्या पुस्तकाचं नाव त्यांच्याच गाजलेल्या तमाशापटावरून आलंय.) स्मिता तेव्हा एकवीस-बावीसची, आणि त्यात ती अल्लड पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंत सगळं करते. तिथे ती 'करताना' दिसते, नाचते, भांडते, चिडते, त्यामुळे तुझ्यासाठी सोपं जाईल. नॅशनल अवॉर्डही त्यासाठी मिळालं. तिची सुरुवात मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचण्यातून झाली हे तुला आईने सांगितलं असेलच. मला नेहमी वाटतं की चेहरा न हलवता माणसाला धरून ठेवायचं हे ती तिथेच शिकली, पण ही माझी आपली समजूत.

इथे थोडं थांबून कबूल करते की यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तू पिक्चर मोबाइलवर पाहिला असशील तर अर्धा अभिनय तुझ्यापर्यंत पोचलेलाच नाही, पापणीचं काम सहा इंचावर दिसत नाही. दिग्दर्शकाने जागा दिली नाही तर ग्रेट नटीही काही करू शकत नाही. जुन्या पिक्चरमध्ये आवाज बहुतेक नंतर डब केलेला असायचा, म्हणजे शरीर एका दिवसाचं आणि आवाज चार महिन्यांनंतरचा. आणि भाषा. मला बंगाली येत नाही, त्यामुळे मी 'चारुलता'मधल्या माधवी मुखर्जीबद्दल बोलते तेव्हा ते फक्त डोळ्यांनी बघितलेलं असतं. नशिबाने त्याची सुरुवात जवळजवळ बिनबोलाचीच आहे, रिकाम्या दुपारी ती दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाते, रस्त्यावरची माणसं बघते, मग नवरा पुस्तक वाचत शेजारून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही, आणि ती त्यालाही त्याच दुर्बिणीतून बघते. पाच-सात मिनिटांत अख्खं लग्न कळतं.

बायकांच्या बाबतीत अजून एक आहे, ते बाई म्हणून बोलते. आपल्याकडे स्क्रिप्टमध्ये हिरोला वाक्यं मिळतात आणि हिरोईनला कंसातल्या सूचना. 'ती बघते.' 'ती थबकते.' 'तिचे डोळे भरून येतात.' मी वाचलेल्या स्क्रिप्टांत तरी हेच जास्त. त्यामुळे आपल्याकडच्या मोठ्या नट्यांचं उत्तम काम बऱ्याचदा त्या कंसांमध्ये सापडतं. नूतनचं 'बंदिनी' बघ, १९६३, बिमल रॉय. कल्याणीला कळतं की आपण जिची शुश्रूषा करतोय तीच आपल्या माणसाची बायको आहे, आणि ती चहात विष घालते. त्या ठिकाणी ती कुणाशी काही बोलत नाही. बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर उघडझाप करतोय, आणि नूतन फक्त उभी आहे, पण प्रत्येक वेळी उजेड येतो तेव्हा चेहरा आधीच्यापेक्षा थोडा पुढे गेलेला असतो. कॅमेरामन कमल बोस यांचं श्रेय आहेच, आवाज लावणाऱ्याचंही. पण तो उजेड तू माझ्या त्या लाइट बघणाऱ्या हिरोईनवर पाडून बघ, दिवाळी वाटेल.

आता उलट बाजू, नाहीतर तू जाऊन सगळ्यांना सांगशील की कमी करणं म्हणजेच ग्रेट. तसं अजिबात नाही. हा आजकालचा आजार आहे, जो तो पडेल चेहरा करून 'सटल' करतोय, टेबलावर बसून आम्हाला शोधावं लागतं की बाई जागी आहे का. १९७४ चा कॅसाव्हेटीसचा 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' बघ, त्यात जीना रोलंड्स इतकी मोठी, इतकी बेबंद आहे की बघताना लाज वाटते. नवरा रात्रपाळीनंतर सगळे कामगार घरी घेऊन येतो आणि ती सगळ्यांना स्पॅगेटी वाढते, त्या टेबलावर ती जरा जास्तच प्रेमळ, जरा जास्तच हसरी, आणि एकेक माणूस कसा अवघडत जातो बघ. ही ओव्हरअॅक्टिंग नाही, त्या बाईलाच आपण किती मोठ्याने वागतोय हे कळत नाहीये आणि नटीला पूर्ण कळतंय. फरक तिथे आहे. आवाज लहान-मोठा हा मुद्दाच नाही.

आपल्या जुन्या पिक्चरचंही तेच. प्रभातचा 'कुंकू' १९३७ चा, शांता आपटे त्यात जरठ-कुमारी विवाहात फसवलेली नीरा. संवाद नाटकी, मान्य, तेव्हा सगळेच तसे बोलायचे. पण शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत जवळपास वापरलेलंच नाही, घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. म्हणजे तिच्याखाली सारंगी नाही, गादी नाही, पडली तर सरळ फरशीवर. आणि ती पडत नाही. म्हाताऱ्या नवऱ्याला ती नकार देते ते आजही ऐकताना अंगावर येतं, मी पुण्यात शिकत असताना मोठ्या पडद्यावर पाहिला होता, शेजारच्या आजोबांनी घसा खाकरलेला आठवतो.

अलीकडचं मराठीतलं विचारशील तर 'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. मोहन आगाशे विस्मरण झालेले संस्कृतचे पंडित, हत्तीच्या मागे मागे निघून जातात, आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. अमृता सुभाष. ती कन्नड बोलते, आजोबांचं अर्धं बोलणं कुणालाच कळत नाही, म्हणजे दोघांमध्ये भाषाच नाही, उरतं फक्त भरवणं, पुसणं, रागावणं. मघाशी हातांचं म्हटलं ना, ते इथे बघ. त्या रोलसाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं नॅशनल अवॉर्ड मिळालं. आणि 'धग'मधली उषा जाधव, पण तो एकटा असताना नको बघूस, जड आहे.

रोहिणी हट्टंगडींचं नाव सगळे 'गांधी'साठी घेतात, बाफ्टा हे ब्रिटिश फिल्म अवॉर्ड मिळालं ना. मी 'सारांश' सांगेन. अनुपम खेरांना सगळे मोठे सीन आहेत, ऑफिसात रडणं वगैरे, आणि ते छान आहेत, पण रोहिणीताईंची पार्वती त्या घरात वावरते ते बघ, मुलगा पुन्हा जन्माला येणार यावर तिचा जो विश्वास बसत जातो तो इतका हळू बसतो की कुठल्या सीनमध्ये बसला ते मला अजून दाखवता येत नाही, आणि मी तो पिक्चर टेबलावर फ्रेम बाय फ्रेम पाहिलाय, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी.

तर लिस्ट मागत होतास, ती अशी अधूनमधून आलीच. क्रम लावायचा तर भूमिका, बंदिनी, सारांश, अस्तु, मग परत उंबरठा. जीना रोलंड्स नंतर कधीतरी. एका बैठकीत एकच, आणि एकदा आवाज बंद करून दहा मिनिटं बघायची सवय लाव, ती आमची सगळ्यात स्वस्त ट्रिक आहे. आवाज बंद केल्यावर सिरीयलवाली हिरोईन काय करतेय तेही कळेल. तिला नावं ठेवू नकोस पण, दिवसाला वीस-वीस मिनिटांचं फुटेज, रात्री दोनला हातात आलेली पानं, आणि वर आमचा धडाम धडाम. त्यातही एखादी असते जी सासूचं वाक्य खरंच ऐकते. मी अशा दोघींबरोबर काम केलंय, दोघींचे क्लोजप मी कधी रिपीट केले नाहीत, लागलेच नाहीत.

अश्रूंचं राहिलं. दोन्ही असतात. ग्लिसरीन लावतात, काही जणी मेंथॉल वापरतात, काहींना खरंच येतं. ओळखायचं असेल तर डोळे बघू नकोस, नाक बघ. खरं रडणाऱ्याचं नाक लाल होतं, आवाज बसतो, आणि पुढच्या तासाभरात चेहरा सुजतो, त्यामुळे हुशार दिग्दर्शक अशा नटीचा क्लोजप आधी उरकतात आणि लांबचे शॉट नंतर घेतात. ज्यांनी उलट केलं त्यांच्या पिक्चरमध्ये बाई एका वाक्याच्या मध्येच अचानक सुजलेली दिसते आणि ते जोडायला मग आम्हाला नवऱ्याच्या पाठीचा शॉट शोधत बसावं लागतं.